फटफटीचा कंठ : मोटारसायकलची निष्कासनळी आणि इंधनाचा नकाशा

मोटारसायकल या वाहनाला मराठीने जे घरगुती नाव दिले ते तिच्या चाकांवरून, वेगावरून अथवा आकारावरून पडलेले नाही. ते तिच्या धुराड्यातून निघणाऱ्या आवाजावरून पडले आहे. ‘फटफटी’ या शब्दात यंत्राचा इतर कोणताही भाग नाही. आहे तो केवळ निष्कास, म्हणजे जळलेला वायू सिलिंडराबाहेर पडताना होणारा नाद. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांच्या ज्या प्रवासी रिक्षा चालत, त्यांनाही ‘फटफटिया’ असेच म्हणत. तेव्हा या नळीत नेमके काय घडते, ती बदलली असता एंजिनाच्या वागण्यात काय फरक पडतो, आणि त्या फरकाला अनुसरून इंधनाचे प्रमाण कसे बसवावे लागते, हा प्रश्न वरकरणी यंत्रशाळेतील असला तरी ध्वनिविचाराच्या अभ्यासकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. पुढील विवेचनात त्याला परिचित असलेल्या मार्गानेच या विषयात प्रवेश करण्याचे योजिले आहे.

चतुर्घाती एंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. एकच सिलिंडर असलेली गाडी जागच्या जागी उभी राहून मिनिटाला १,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे आठ स्फोट होतात. आठ आघात कान वेगवेगळे मोजू शकतो, आणि म्हणूनच तेथे ‘फट-फट-फट’ असे द्विरुक्त अनुकरण शक्य होते. फेरे ५,००० पर्यंत गेले की हेच आघात सेकंदाला सुमारे बेचाळीस होतात. आघात सेकंदाला साधारण विसाच्या वर गेले की कान त्यांना सुटे सुटे ऐकेनासा होतो. ते एकमेकांत मिसळून एक अखंड स्वर बनतात. मग मराठी वक्ता ‘फटफट’ हा शब्द टाकून देतो आणि ‘घुर्र’, ‘भर्र’ असे कंपित ‘र’ असलेले शब्द वापरू लागतो. राजदूत किंवा येझ्दी यांसारख्या द्विघाती गाड्यांत प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडत असल्याने ही सीमा निम्म्याच फेऱ्यांवर ओलांडली जाई. यावरून ‘फटफटी’ हे नाव संथ चालीच्या, एका सिलिंडराच्या चतुर्घाती गाडीलाच खरे शोभते असे म्हणावयास हरकत नाही. या शब्दातील ध्वनींची योजनाही पाहण्यासारखी आहे. ओठांची महाप्राण सोडवणूक आणि लगेच मूर्धन्य अवरोधाने केलेला छेद, हा निष्कासाच्या एका स्पंदाचा बऱ्यापैकी विश्वासू आराखडा होय. ‘फटका’, ‘फटाका’, ‘फट्कन’ हे याच घराण्यातील शब्द.

गुन्नार फांट यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाचाध्वनीची जी उपपत्ती मांडली ती भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. कंठद्वारातून हवेचे स्पंद निघतात, तो नादाचा उगम. त्यावरील मुखमार्ग हा गाळणीसारखा काम करून काही कंप्रता उठावदार करतो व काही दाबतो. उगमाने स्वराची उंची ठरते, मार्गाच्या आकाराने ‘अ’ की ‘इ’ हे ठरते. मोटारसायकलची निष्कासव्यवस्था ही जवळजवळ याच नमुन्याची आहे. निष्कासझडप म्हणजे कंठद्वार, पहिली लांब नळी म्हणजे मुखमार्ग, आणि तिच्या टोकाचा सायलेन्सर म्हणजे ओठ व नासिकाविवर यांचे एकत्रित रूप. एंजिनाचे फेरे वाढले की स्वर चढतो, हे उगमाचे कार्य. दोन वेगळ्या गाड्या एकाच फेऱ्यांवर चालत असता त्यांतील बुलेट कोणती हे पाठमोऱ्या माणसालाही ओळखू येते, हे गाळणीचे कार्य.

साम्य येथेच संपत नाही. एका टोकाला बंद व दुसऱ्या टोकाला उघडी असलेली नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या ध्वनीला साथ देते. प्रौढ पुरुषाचा मुखमार्ग सुमारे साडेसतरा सेंटिमीटर असतो. म्हणून त्याचे अनुनाद ५००, १५००, २५०० असे विषम पटीत येतात. निष्कासनळीतील वायू तापलेला असल्यामुळे तेथे ध्वनीचा वेग साध्या हवेतील सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंद इतका नसून ५०० ते ६०० मीटरच्या घरात असतो. तो ५५० धरला आणि नळी एक मीटरची मानली, तर पहिला अनुनाद १३७ च्या आसपास येतो. प्रौढ पुरुषाच्या बोलण्याच्या स्वराशी हा आकडा इतका जवळचा आहे, हा योगायोगच. पण गाडीचा आवाज ‘घोगरा’, ‘जाड’, ‘बसलेला’ अशा कंठस्वराच्या विशेषणांनी सांगितला जातो, ते अगदीच निराधार नाही, हे त्यावरून कळते.

मात्र वाचेत आणि यंत्रात एक मोठा भेद आहे. मुखमार्गाचे अनुनाद कंठद्वाराच्या कामावर फारसे उलटत नाहीत; निष्कासनळीचे अनुनाद मात्र झडपेपर्यंत परत येऊन एंजिनाच्या श्वसनावरच परिणाम करतात. झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी जेथे एकदम रुंद होते अथवा संपते तेथे ती लाट परावर्तित होते, परंतु उलट्या चिन्हाने. म्हणजे गेली ती अधिक दाबाची, परतते ती उणे दाबाची. ही उणे दाबाची लाट झडप बंद होण्याच्या बेतात असताना आणि आत घेणारी झडप नुकतीच उघडत असताना, म्हणजे दोन्ही झडपा क्षणभर उघड्या असताना पोचली, तर ती उरलेला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत येण्यास हात देते. हीच लाट अवेळी पोचली तर तिचा उपयोग होत नाही. तिच्या मागोमाग येणारी अधिक दाबाची लाट त्या वेळी पोचली तर जळका वायू उलट सिलिंडरात ढकलला जातो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एक मीटर जाऊन एक मीटर परत, असे दोन मीटर अंतर ५५० मीटरच्या वेगाने कापण्यास सुमारे ३.६ सहस्रांश सेकंद लागतात. एंजिन ५,००० फेऱ्यांवर असेल तर तेवढ्या वेळात क्रँक सुमारे १०९ अंश फिरतो. २,५०० फेऱ्यांवर असेल तर त्याच्या निम्मे. लाटेला लागणारा वेळ तोच, पण झडपांच्या दृष्टीने तिची वेळ बदलली. म्हणून कोणतीही एक नळी सर्व फेऱ्यांवर सारखीच उपकारक असू शकत नाही. कारखान्यातील अभियंता नळीची लांबी व व्यास ठरवितो तेव्हा तो एका पट्ट्यातील जोर दुसऱ्या पट्ट्याला गहाण टाकीत असतो. आकुर्डीच्या बजाज ऑटो कंपनीने आपल्या काही गाड्यांत निष्कासनळीला जोडून एक लहानशी बंद कोठी बसविली आणि तिला ‘एक्झॉस्टेक’ असे नाव दिले. कमी फेऱ्यांवरचा ओढ या कोठीच्या अनुनादाने वाढविणे हा तीमागील हेतू होता. बाजारातून आणलेली सरळ नळी बसविताना ही कोठी निघून जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

येथे एका शब्दाने घातलेला घोळ नोंदविण्याजोगा आहे. सायलेन्सर काढून मोकळी नळी बसविल्यावर गाडी चढावर पूर्वीसारखी ओढत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याचे कारण म्हणून कारागीर सांगतात, ‘बॅक प्रेशर गेले.’ या उत्तरातून असा समज दृढ झाला आहे की एंजिनाला मागचा दाब आवश्यक असतो आणि थोडा अडथळा असलेला बरा. वस्तुतः बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा कधीच हितकर नसतो. दट्ट्याला तो ढकलण्यासाठी शक्ती खर्च करावी लागते. गमावले जाते ते परतणाऱ्या लाटेचे वेळापत्रक आणि अरुंद नळीमुळे वायूला मिळणारी गती. शिवाय इंधनाचे प्रमाणही बिघडलेले असते. निरीक्षण खरे, नाव चुकीचे, आणि नावामुळे उपायही चुकीचा: दाब परत आणण्यासाठी नळीच्या तोंडात वॉशर ठोकले जातात. पारिभाषिक शब्द केवळ कोशाच्या सोयीसाठी नसतात हे सांगावयास याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

‘सायलेन्सर’ हा शब्दही असाच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनाला तो बंधनकारक केला असून, निष्कासाच्या सुटण्याने होणारा आवाज प्रसरणकक्षाने अथवा अन्य रीतीने शक्य तितका कमी करणारे साधन, अशा आशयाची त्याची व्याख्याही तेथेच दिली आहे. इंग्लंडातून आलेला हा शब्द मराठीत रूढ झाला; अमेरिकेतील ‘मफलर’ मात्र आपल्याकडे गळ्याभोवतीच राहिला. आज बाजारात ‘सायलेन्सर टाकला’ या वाक्याचा अर्थ बहुधा आवाज वाढविला असाच होतो. अर्थविपर्यासाचे हे टोक होय. बुलेटसाठी विकल्या जाणाऱ्या प्रकारांची नावे नामविज्ञानाच्या विद्यार्थ्याने जमवावीत अशी आहेत: ‘पंजाबी’, ‘इंदोरी’ ही स्थलवाचक, ‘शॉर्ट बॉटल’, ‘लाँग बॉटल’, ‘मेगाफोन’ ही आकारवाचक, ‘डॉल्फिन’, ‘शार्क’ ही प्राणिवाचक, आणि बी.एस.ए. कंपनीच्या एका जुन्या शर्यतीच्या गाडीवरून आलेले ‘गोल्डस्टार’.

या साऱ्या प्रकारांच्या पोटात पाहिले तर दोनच तत्त्वे आढळतात. एक परावर्तनाचे: आत पडदे व कोठ्या असतात, लाट त्यांवर आपटून स्वतःच्याच प्रतिलाटेशी भिडते व क्षीण होते. बाजूला जोडलेली बंद कोठी एका विशिष्ट कंप्रतेला गिळून टाकते. ‘म’ आणि ‘न’ उच्चारताना पुढून बंद झालेले मुखविवर नेमके हेच करते, हे ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको. दुसरे तत्त्व शोषणाचे: मधून सच्छिद्र सरळ नळी जाते आणि तिच्याभोवती काचतंतूंचा लोकर ठासलेला असतो; उच्च कंप्रता त्यात जिरतात, नीच मात्र सहज निसटतात. म्हणून अशा सायलेन्सरचा आवाज जाड वाटतो. हा लोकर कालांतराने जळून झडतो व आवाज वाढत जातो. ‘जाळी काढणे’ हा जो उद्योग चालतो तो पहिल्या प्रकारातील पडदे कापून टाकण्याचा. त्याने वजन थोडे घटते, आवाज पुष्कळ वाढतो, आणि रस्त्यावरील एकसिलिंडरी गाडीची शक्ती बहुधा स्वाराच्या कानालाच अधिक वाढलेली भासते.

आता इंधनाकडे वळावयाचे. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. प्रत्यक्ष मिश्रणातील हवेच्या प्रमाणाला या आदर्श प्रमाणाने भागले असता जो अंक येतो त्याला लॅम्डा म्हणतात. एक म्हणजे आदर्श, एकाहून कमी म्हणजे इंधन जास्त, एकाहून अधिक म्हणजे हवा जास्त. कारागिरांच्या बोलीत ‘रिच’ आणि ‘लीन’. संथ, सारख्या चालीत लॅम्डा एकाच्या जवळ असणे हितावह. परंतु पूर्ण जोर हवा असतो तेव्हा ०.८५ ते ०.९० एवढे जास्त इंधन दिले जाते, कारण त्यामुळे हवेतील सर्व प्राणवायू कामी येतो आणि जादा पेट्रोलाच्या बाष्पीभवनाने सिलिंडर थंडही राहतो. मोकळ्या नळीमुळे एंजिन एखाद्या पट्ट्यात अधिक हवा घेऊ लागले आणि इंधन तेवढेच राहिले, तर मिश्रण विरळ होते. पूर्ण भारावर असे विरळ मिश्रण चालविले असता एंजिन ठोकू लागते, निष्कासझडपेची कड जळते, आणि प्रसंगी दट्ट्याच्या माथ्याला भोक पडते. नळी बदलणे व इंधन बसविणे ही दोन कामे नसून एकाच कामाचे दोन अर्धे आहेत.

कार्बोरेटरच्या गाडीत हा दुसरा अर्धा हाताने करावयाचा असतो. थ्रॉटल बंद असल्यापासून एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेटचे राज्य. तेथून पाव भागापर्यंत सरकत्या झडपेच्या कापाचे. पावापासून पाऊण भागापर्यंत सुईचे. आणि पुढे मेन जेटचे. सुईच्या डोक्याशी खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत बसविली की सुई वर उचलली जाते व इंधन वाढते. मेन जेटवर कोरलेला आकडा मोठा, तर भोक मोठे. एकच जेट बदलून सर्व दोष जातील अशी अपेक्षा करणे म्हणजे एका बोलीचे व्याकरण शिकून सर्व बोली बोलता येतील असे मानण्यासारखे आहे. एवढे मात्र खरे की ही पद्धती स्थूल असली तरी डोळ्यांना दिसणारी होती. ठिणगीच्या प्लगचा रंग पाहून निदान करणारी कारागिरांची एक पिढी तिच्यातून तयार झाली.

इंधन-अंतःक्षेपणाने हे चित्र पालटले. पुण्याच्या परिसरात घडलेला एक प्रसंग उद्‌बोधक आहे. बजाजने २००७ साली पल्सर २२० ही गाडी अंतःक्षेपणासह बाजारात आणली आणि २००९ साली त्याच नावाची गाडी पुन्हा कार्बोरेटर बसवून विकावयास काढली. तंत्राची वाटचाल नेहमी एकाच दिशेने होते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली आणि त्यानंतरच्या जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकली अंतःक्षेपणाच्या झाल्या. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होत आलेली बुलेटही त्याला अपवाद राहिली नाही.

या व्यवस्थेत एक लहान संगणक क्रँकची गती, थ्रॉटलचा कोन, आत येणाऱ्या हवेचा दाब व तापमान, एंजिनाचे तापमान आणि निष्कासातील उरलेला प्राणवायू यांच्या वार्ता सतत ऐकत असतो, आणि इंधनाची पिचकारी किती सहस्रांश सेकंद उघडी ठेवावयाची ते ठरवितो. त्यासाठी त्याच्यापाशी एक कोष्टक असते. आडव्या अक्षावर फेरे, उभ्यावर थ्रॉटल किंवा दाब, आणि प्रत्येक घरात एक अंक. सोळा गुणिले सोळा घरे असतील तर २५६ अंक; मधल्या स्थितींसाठी शेजारच्या घरांवरून अंदाज बांधला जातो. या कोष्टकाला ‘मॅप’ म्हणतात. अंकांना उंची मानून चित्र काढले तर टेकड्या व दऱ्या असलेला खराखुरा भूप्रदेश दिसतो, म्हणून ‘नकाशा’ हा शब्द अगदी सार्थ आहे. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींची जी पाहणी केली, तिच्यासारख्या कामाशी परिचित असलेल्यांना आणखी एक साम्य दिसेल: नोंद काही ठराविक ठिकाणांचीच असते, मधला प्रदेश अनुमानाने भरावयाचा असतो, आणि ठिकाणे चुकीची निवडली तर सीमारेषाही चुकतात.

निष्कासातील प्राणवायूचा संवेदक हा या व्यवस्थेतील परतवार्ता आणणारा दूत. संथ चालीत संगणक त्याचे ऐकून लॅम्डा एकाच्या आसपास ठेवतो. अशा वेळी नळी बदलली असली तरी दोष आपोआप बराचसा दुरुस्त होतो. थ्रॉटल पूर्ण उघडताच संगणक दूताकडे लक्ष देणे थांबवितो व केवळ नकाशावर विसंबतो. नेमका तेथेच बदललेल्या नळीचा परिणाम सर्वाधिक असतो. ‘नवी गाडी स्वतःच जुळवून घेते’ हे बाजारातील आश्वासन अर्धे खरे असण्याचे कारण हेच. दुसरी एक गफलत वारंवार होते. नवी नळी बसविताना सांधा नीट आवळला गेला नाही, तर उणे दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत शिरते. संवेदकाला जादा प्राणवायू दिसतो. संगणक मिश्रण विरळ समजून इंधन वाढवितो. गाडी पेट्रोल जास्त खाऊ लागते आणि दोष नकाशावर ढकलला जातो. नकाशाला हात लावण्यापूर्वी सांधा पाहावा, हा क्रम उलटता कामा नये.

प्रत्यक्ष दुरुस्तीची रीत अशी. मूळच्या संवेदकाला फक्त ‘एकाच्या अलीकडे’ की ‘पलीकडे’ एवढेच नीट सांगता येते. म्हणून नळीत विस्तृत मोजमाप करणारा निराळा संवेदक बसवितात. गाडी डायनामोमीटरवर चढवून एकेका घरात, म्हणजे ठराविक फेरे व ठराविक थ्रॉटल यांवर, स्थिर ठेवतात. समजा, पूर्ण थ्रॉटलवर ५,००० फेऱ्यांच्या घरात लॅम्डा ०.९८ आढळला आणि हवा आहे ०.८९. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १.१० येते, अर्थात इंधन दहा टक्के वाढविले पाहिजे. पिचकारीचा काळ ६ सहस्रांश सेकंद असेल तर तो सरसकट ६.६ करणे मात्र चूक ठरेल. वीज मिळाल्यापासून पिचकारी प्रत्यक्ष उघडेपर्यंत काही काळ वाया जातो. तो एक सहस्रांश धरला तर इंधन वाहण्याचा खरा काळ पाचच होता. त्याचे दहा टक्के म्हणजे अर्धा, आणि नवा आकडा ६.५. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु कमी थ्रॉटलवर, जेथे एकूण काळच दोन-अडीच सहस्रांश असतो, तेथे तो निर्णायक ठरतो. नकाशा बदलण्याचे मार्ग दोन: संगणकातील मूळ कोष्टकच पुसून नवे लिहिणे, किंवा बंगळूरच्या रेस डायनॅमिक्स कंपनीच्या ‘पॉवरट्रॉनिक’सारखी पेटी मध्ये जोडून पिचकारीकडे जाणारा संदेश वाटेत बदलणे. दुसऱ्या मार्गात मूळ लेख शाबूत राहतो व त्यावर जणू टीप चढविली जाते. ती काढून टाकली की गाडी पूर्ववत होते.

एखादा नकाशा कोठे व कोणत्या इंधनावर तयार केला, यालाही महत्त्व आहे. कल्याण-कसारा लोहमार्गावर टिटवाळा आणि वाशिंद यांच्या दरम्यान, भातसेच्या काठी असलेली खडवली घ्यावी. सुट्टीच्या दिवशी कल्याण, डोंबिवली, ठाणे येथून मोटारसायकलस्वार या नदीकाठी येतात, आणि काही जण जवळच्या मुंबई-नाशिक महामार्गाला लागून पुढे कसारा घाट चढतात. खडवलीची उंची समुद्रसपाटीहून फारशी नाही. घाटमाथ्यावरील इगतपुरी सुमारे ६०० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवर हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. कार्बोरेटरमध्ये इंधन त्याच प्रमाणात घटत नाही; मिश्रण सुमारे तीन टक्क्यांनी दाट होते, म्हणून जेट काठावर बसविलेली जुनी गाडी घाटमाथ्यावर जड वाटते. हवेचा दाब मोजणारी अंतःक्षेपणाची गाडी हा फरक स्वतः भरून काढते. केवळ थ्रॉटलच्या कोनावर बेतलेला व दाबाची वार्ता न घेणारा नकाशा मात्र घाटात कार्बोरेटरपेक्षाही वाईट वागू शकतो, कारण तो त्या घनतेच्या घटीची काहीच दखल घेत नाही. पावसाळ्यातील दमट हवेतही बाष्पाने प्राणवायूची थोडी जागा व्यापलेली असतेच.

इंधनाचा मुद्दा अधिक ताजा आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच प्राणवायू असल्यामुळे अशा मिश्रणाला पूर्ण जळण्यास १४.७ पट नव्हे, तर सुमारे साडेतेरा पट हवा पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोल धरून लिहिलेला जुना नकाशा पूर्ण थ्रॉटलवर आज जवळजवळ आठ टक्के विरळ पडतो. त्यावर मोकळी नळी चढविली तर दोन्ही चुका एकाच दिशेने साचतात. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवून घेतलेले नकाशे जसेच्या तसे वापरणाऱ्यांच्या एंजिनांना मुख्य धोका येथून आहे. लॅम्डा या अंकाने विचार करण्याचा लाभही येथेच कळतो. आदर्श प्रमाण बदलले तरी एक हा एकच राहतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करून गाडी चालविल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. बाजारातील सरळ नळीबरोबर मूळ नळीतील उत्प्रेरकही निघून जातो, तेव्हा भंग आवाजाचा व धुराचा असा दुहेरी असतो. निर्मितीच्या वेळी मोटारसायकलने पाळावयाची ध्वनिमर्यादा २००५ पासून एंजिनाच्या आकारमानानुसार ७५, ७७ व ८० डेसिबेल अशी आहे. डेसिबेलचे प्रमाण गुणोत्तराचे असल्यामुळे हे आकडे फसवे वाटतात. दहाने वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दसपट, विसाने वाढ म्हणजे शंभरपट. जाळी काढलेली एक गाडी १०० डेसिबेलवर गेली, तर ती नदीकाठच्या वस्तीवरून जाताना मर्यादेत असलेल्या शंभर बुलेटी एकदम गेल्यासारखे होते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. ती दृश्ये वृत्तपत्रांनी आवडीने छापली. विक्रीच्या दुकानांवरील कारवाई त्या मानाने कमी दिसते, आणि ते खटकते.

‘फटाका मारणे’ या प्रकाराचाही उलगडा आता सहज होईल. थ्रॉटल एकाएकी मिटला असता न जळलेले इंधन गरम नळीत जाते, सांध्यातून अथवा उघड्या तोंडातून आलेल्या हवेशी मिळते आणि तेथेच पेट घेते. विरळ मिश्रण एंजिनात पेटण्याचे चुकले तरीही हेच घडते. याचा अर्थ असा की कर्त्याने हौसेने मिरविलेला हा आवाज बहुधा जुळवणी अपुरी असल्याची ग्वाही देत असतो. मुद्दाम ठिणगी तोडून तो काढला तर जो काही उत्प्रेरक उरला असेल तोही वितळतो.

‘जुळवणी’ हा शब्द येथे बुद्ध्याच वापरला आहे. कारागिरांच्या तोंडी ‘सेटिंग’ आहे, हौशी मंडळींच्या तोंडी ‘ट्यूनिंग’. मराठीत तंबोरा जुळवतात, आणि तो जुळवताना एक तार पिळली की बाकीच्या पुन्हा ऐकून पाहाव्या लागतात. इंधननकाशात तारा चार नसून दोनशेछप्पन असतात. नळी, हवागाळणी, इंधनाचे मिश्रण यांपैकी काहीही बदलले की त्या प्रत्येकीला पुन्हा हात लावावयाचा असतो, आणि त्यासाठी डायनामोमीटरवर अर्धा दिवस मोडतो.